काळ्याला धक्का न लावता: शाईच्या चित्रात लेअर वापरून रंग कसे भरावेत

शाईच्या काळ्या-पांढऱ्या चित्रात रंग भरायचे म्हणजे रेघांमधल्या मोकळ्या जागा भरून टाकायच्या, एवढंच डोक्यात असलं की चित्र हमखास मातकट होतं. रंग बरे निवडलेले असतात, हातही चांगला असतो, तरी कागदावरचं मूळ चित्रच जास्त जिवंत वाटत राहतं. कारण बहुतेक वेळा एकच असतं. शाईनं काम करणाऱ्या चित्रकारानं उजेड कुठून येतो, पुढे काय आणि मागे काय, हे काळ्यातच ठरवून टाकलेलं असतं. आपण ते न पाहता त्यावर आपली सावली दुसऱ्यांदा चढवतो. तेव्हा रंग भरण्याआधी काळं वाचायचं. चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमधल्या लेअरचा, म्हणजे एकावर एक रचलेल्या पारदर्शक पानांचा, खरा उपयोगही इथेच आहे: रेघा, सपाट रंग, सावली आणि उजेड हे सगळं वेगवेगळं ठेवलं की मूळ काळ्याला हात न लावता हवं तितकं चुकता येतं.

उदाहरणाला एक चित्र धरून चालू. A४ कागदावर निब आणि काळ्या शाईनं काढलेली संध्याकाळची तलावपाळी, म्हणजे ठाण्याच्या मासुंदा तलावाचा काठ. पुढे कठड्याशी फुगेवाला, शेजारी नऊवारीतली आजी आणि फुग्यासाठी हटून बसलेली नात, डावीकडे भेळेची गाडी. मागे मासुंदा तलावाचं पाणी, त्यात दोन होड्या आणि तळ्यातलं शंकराचं देऊळ. ठाणेकराला हे दृश्य पाठ असतं, त्यामुळे रंग चुकला की तेही त्याला लगेच कळतं.

चित्र स्वतःचं नसेल तर सुरुवातीलाच एक गोष्ट पाहून घ्या. जुन्या दिवाळी अंकांतली चित्रं रंगवून टाकायचा मोह अनेकांना होतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रकाराचं निधन झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क टिकतो. चित्रकार दीनानाथ दलाल १९७१ साली गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांचा हिशेब २०३१ संपेपर्यंत जातो. शिवाय त्याच कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे, हक्क विकलेला असला तरी आपल्या चित्राची मोडतोड झाली तर चित्रकार हरकत घेऊ शकतो. सरावासाठी घरी रंगवून पाहणं वेगळं आणि रंगवलेलं चित्र सगळीकडे फिरवणं वेगळं. चित्रकार हयात असेल तर एक फोन करा. बहुतेक जण आनंदानं हो म्हणतात, आणि वर कुठे काय हवं होतं तेही सांगतात.

कागद, स्कॅन आणि पहिली सफाई

दिवाळी अंकांची कामं ऐन पावसाळ्यात येतात आणि ठाण्याच्या पावसात कागद पापडासारखा वाकतो. तसाच तो स्कॅनरवर ठेवला तर उंचवट्यांच्या सावल्या स्कॅनमध्ये उतरतात आणि पुढे त्या काढताना बारीक रेघाही जातात. आदल्या रात्री चित्र दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवून वर जाड पुस्तकांचा ढीग रचा. शाई पूर्ण वाळल्याची खात्री करा, नाहीतर स्कॅनरची काच पुसत बसावं लागेल.

स्कॅन ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके या हिशेबानं, करा. नुसत्या रेघांचं चित्र असेल तर ग्रेस्केल, म्हणजे फक्त करड्या छटांचा स्कॅन, पुरतो. स्कॅनरमधला शुद्ध काळा-पांढरा पर्याय टाळा, कारण तो रेघेच्या कडा करवतीसारख्या करतो. दोन प्रसंगी मात्र रंगीत स्कॅन घ्यावा. कागद जुना होऊन पिवळा पडला असेल तर रंगीत स्कॅनमधला लाल चॅनल वेगळा काढा (रंगीत चित्र लाल, हिरवा आणि निळा अशा तीन चॅनलचं बनतं). पिवळेपणा त्यात जवळजवळ नाहीसा होतो. उलट, खाली फिकट निळ्या पेन्सिलचं रेखाटन राहिलं असेल तर निळा चॅनल घ्या. त्यात निळी पेन्सिल कागदात मिसळून जाते. एवढं एक कळलं की खोडरबर घासून शाई फिकी करायची वेळ येत नाही.

स्कॅनर नसेल तर फोन चालेल, पण दिव्याखाली नको. खिडकीजवळ, थेट ऊन न पडणाऱ्या जागी कागद सपाट ठेवा, फोन कागदाला समांतर धरा आणि थोडा झूम करून लांबून फोटो घ्या. फार जवळून काढलेल्या फोटोत चित्राच्या कडा फुगतात.

मग लेव्हल्स, म्हणजे गडद-उजळपणा आलेखावर तीन खुणांनी ठरवायची सोय. काळी खूण आलेखात शाईचा उंचवटा जिथे सुरू होतो तिथपर्यंत आणा, पांढरी खूण कागदाचा उंचवटा सुरू होतो तिथे. मधल्या खुणेला हात लावू नका. पांढरा जास्त ओढला तर बारीक रेघा तुटतात, काळा जास्त ओढला तर जवळजवळच्या रेघा एकमेकींना चिकटतात. आजीच्या केसांवर आणि भेळेच्या गाडीखालच्या अंधारावर स्क्रीन मोठी करून नजर ठेवा. बिघडलं तर आधी तिथे कळतं.

फाइलच्या आकाराबद्दलही आत्ताच ठरवा. ६०० डीपीआयचा A४ म्हणजे ४९६० बाय ७०१६ पिक्सेल, जवळपास साडेतीन कोटी. एक भरलेला लेअर साधारण १४० एमबी मेमरी खातो. दहा लेअर झाले की ८ जीबीचा लॅपटॉप धापा टाकतो. म्हणून साफ केलेल्या रेघांची ६०० ची फाइल बाजूला जपून ठेवा आणि तिची ३०० डीपीआयची प्रत, म्हणजे २४८० बाय ३५०८, रंगकामाला घ्या. तिथे तोच लेअर ३५ एमबीत बसतो. रंगाला ३०० पुरतात, रेघेला ६०० लागतात; शेवटी दोन्ही पुन्हा एकत्र आणता येतात.

रेघा कागदापासून सोडवणं

रेघांखाली रंग दिसावा यासाठी दोन मार्ग आहेत. सोपा मार्ग मल्टिप्लायचा. रेघांचा लेअर सगळ्यात वर ठेवून त्याचा ब्लेंड मोड, म्हणजे खालच्या लेअरमध्ये मिसळायची पद्धत, मल्टिप्लाय करायचा. यामागचं गणित साधं आहे: वरचा आणि खालचा आकडा गुणायचा आणि २५५ नं भागायचं. पांढरा म्हणजे २५५, त्यामुळे खालचा २०० तसाच २०० राहतो. काळा म्हणजे शून्य, तिथे उत्तर शून्यच. मधला करडा १२८ असेल तर २०० चा साधारण १०० होतो. म्हणून कागद अदृश्य होतो, शाई राहते, आणि कागदाला लेव्हल्समध्ये पूर्ण पांढरं केलं नसेल तर त्याचा मळकटपणा सगळ्या रंगांवर चढतो.

दुसरा मार्ग म्हणजे पांढरं खरोखर काढून टाकायचं. क्रिटा आणि गिंप या दोन्ही मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘कलर टू अल्फा’ नावाची सोय आहे; अल्फा म्हणजे पारदर्शकता. पांढरा निवडला की उरते फक्त पारदर्शक पानावरची शाई. क्लिप स्टुडिओ पेंटमध्ये एडिट मेनूतला उजेडाचं रूपांतर पारदर्शकतेत करणारा पर्याय हेच काम करतो. फोटोशॉपमध्ये कंट्रोल दाबून आरजीबी चॅनलवर क्लिक केलं की उजळ भाग निवडला जातो; निवड उलटी करा आणि नव्या रिकाम्या लेअरवर काळा भरा. फोनवर आयबिस पेंट वापरत असाल तर रेषाचित्र वेगळं काढायची सोय त्यातही आहे.

मला दुसरा मार्ग पसंत आहे. वेळ थोडा जास्त जातो, पण पुढे रेघांना रंग देता येतो, आणि धूळ शोधणंही सोपं होतं. रेघांखाली भडक लाल रंगाचा एक लेअर तात्पुरता ठेवा. पांढऱ्यावर न दिसणारे बारके ठिपके, खोडरबरचे कण, बोटांचे डाग लालवर लगेच दिसतात. ते खोडा आणि लाल लेअर उडवा. रेघांच्या लेअरला कुलूप लावा. शेवटी रेघांना रंग देईपर्यंत त्यावर काही करायचं नाही.

काळं वाचणं

हा भाग बहुतेक जण गाळतात, म्हणून इथे थोडं थांबू.

रंग न भरता चित्र स्क्रीनवर हाताच्या पंजाएवढं लहान करा आणि डोळे किलकिले करून पाहा. शाईची चित्रं ढोबळमानानं तीन प्रकारची असतात आणि प्रत्येकाला वेगळी वागणूक लागते.

पहिल्या प्रकारात फक्त बाह्यरेषा असतात. लहान मुलांच्या पुस्तकांत असतात तशा. इथे चित्रकारानं उजेड ठरवलेला नसतो. तो तुम्ही ठरवायचा, आणि सावली-उजेडाचे दोन्ही लेअर पूर्ण ताकदीनं वापरायचे.

दुसऱ्या प्रकारात भरीव काळे तुकडे आणि आडव्या-तिरप्या रेघांची वीण असते. आपलं तलावपाळीचं चित्र यातलं. आजीच्या पदराच्या घडीत काळा भरलाय, गाडीखाली पूर्ण अंधार आहे, फुगेवाल्याच्या, चित्रात डावीकडे दिसणाऱ्या गालावर तिरप्या रेघा आहेत. म्हणजे उजेड उजवीकडून येतोय आणि सगळ्यात गडद सावली शाईनं आधीच दिलीय. त्या रेघांवर पुन्हा जांभळट सावली चढवली तर गाल काळवंडतो आणि रेघा दिसेनाशा होतात. अशा चित्रात विणलेल्या रेघांचा भाग हीच सावली मानायची. तिथे फक्त मूळ रंग थोडा गार किंवा थोडा गडद घ्यायचा, आणि सावलीचा लेअर जवळजवळ पडणाऱ्या छायांपुरताच ठेवायचा: कठड्याची जमिनीवरची छाया, फुग्यांची शर्टावरची छाया, छपराची भेळेच्या डब्यांवरची. उलट इथे उजेडाला जास्त काम असतं, कारण शाईला काळं देता येतं, चमक देता येत नाही.

तिसरा प्रकार वॉशचा, म्हणजे पाणी घातलेल्या शाईच्या करड्या छटांचा. हा सगळ्यात फसवा. करड्यावर मल्टिप्लायनं रंग बसतो खरा, पण पिवळ्याची पंचाईत होते. पिवळ्यात काळं मिसळलं की तो शेवाळी हिरवा दिसतो. झेंडूच्या माळा, हळदीकुंकवाची हळद, पिवळं पातळ, सगळं बुरसटल्यासारखं. उपाय असा: वॉशच्या लेअरवर ग्रेडियंट मॅप, म्हणजे करड्या छटांच्या जागी ठरावीक रंग बसवणारी सोय, लावा: काळ्याच्या जागी गडद तपकिरी, मधल्या करड्याच्या जागी तांबूस तपकिरी, पांढरा पांढराच. आता पिवळ्याखालची सावली गेरूकडे झुकते. पाणी आणि आकाश असलेल्या भागासाठी त्याच वॉशची दुसरी प्रत निळसर करून, मास्क लावून (म्हणजे बाकीचा भाग झाकून) फक्त त्या भागात दाखवता येते.

हे वाचून झालं की सगळ्यात वर एक लेअर घेऊन त्यावर मोठा बाण काढा: उजेडाची दिशा. काम संपेपर्यंत तो बाण राहू द्या, हवं तेव्हा दाखवा, हवं तेव्हा लपवा. तीन तासांनी थकल्यावर प्रत्येक वस्तूला वेगळाच सूर्य मिळतो, त्यावर हा साधा उपाय आहे.

लेअरची मांडणी

खालून वर असं रचा: पार्श्वभूमीचा रंग, सपाट रंग, सावली, उजेड, रेघा आणि सगळ्यात वर संपूर्ण चित्रावरचे परिणाम. सावली आणि उजेड सपाट रंगांना क्लिप करा, म्हणजे ते बाहेर सांडणार नाहीत. फोटोशॉपमध्ये ऑल्ट दाबून दोन लेअरच्या मधल्या रेषेवर क्लिक केलं की क्लिपिंग होतं. क्रिटात हे जरा वेगळं आहे: सगळे लेअर एका ग्रुपमध्ये घालून वरच्यांना ‘इनहेरिट अल्फा’ लावायचा. ग्रुप न करता लावला तर तो खालच्या पार्श्वभूमीचाही आकार घेतो आणि काही झालंच नाही असं वाटतं.

लेअरला नावं द्या, मराठीत दिली तरी चालतात. ‘लेअर १७ कॉपी २’ मध्ये काय आहे हे दुसऱ्या दिवशी तुम्हालाही आठवणार नाही.

सपाट रंग

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो आणि सगळ्यात कमी डोकं लागतं. टॅब्लेट नसला तरी हे काम माऊसवर नीट होतं.

मी सगळे सपाट रंग एकाच लेअरवर ठेवतो, प्रत्येक वस्तूला वेगळा लेअर करत नाही. अट एकच: अँटी-अलायझिंग, म्हणजे कडा मऊ करण्याची सोय, बंद, कडा कडक. मऊ कडांमध्ये दोन रंगांच्या मधल्या छटांचे पिक्सेल तयार होतात आणि नंतर जादूच्या कांडीनं (मॅजिक वँड टूलनं) एखादा रंग निवडला की कडेला घाण उरते. कडा कडक असतील तर सलग नसलेले तुकडेही एका क्लिकमध्ये निवडले जातात. सगळे लाल फुगे एकदम. या टप्प्यावर खरे रंग वापरायचीही गरज नाही. आजीचं पातळ पोपटी, चेहरा निळा, जमीन गुलाबी असे एकमेकांपासून लांबचे रंग टाका, म्हणजे राहिलेला कोपरा लगेच दिसतो. खरे रंग नंतर.

भरताना फिल टूलला रेघांचा लेअर पाहायला सांगा आणि रंग मात्र खालच्या लेअरवर पडू द्या. क्लिप स्टुडिओ आणि प्रोक्रिएटमध्ये यासाठी रेघांचा लेअर रेफरन्स म्हणून ठरवता येतो. मग भरलेला भाग २ ते ३ पिक्सेल वाढवण्याची सेटिंग लावा. त्यामुळे रंग रेघेच्या खाली थोडा सरकतो आणि रेघ आणि रंगाच्या मध्ये पांढरी किनार राहत नाही. ही किनार स्क्रीनवर कळत नाही, छापल्यावर कळते.

हातानं काढलेल्या रेघा कुठे ना कुठे उघड्या असतात आणि रंग त्या फटीतून थेट मासुंद्यात वाहून जातो. फटी बुजवायला क्लिप स्टुडिओत ‘क्लोज गॅप’ आहे. गिंपमध्ये २०१९ साली आलेल्या २.१०.१० आवृत्तीपासून फिल टूलला रेषाचित्र ओळखून भरायची सोय आहे. पण माझ्या मते सगळ्यात खात्रीचा उपाय वेगळ्या लेअरवर कडक ब्रशनं फटी बंद करणं. शेताला घालतात तसे बांध घाला, फिल टूलला सगळे लेअर पाहू द्या, रंग भरा आणि बांधांचा लेअर काढून टाका. मूळ रेघ उघडीच राहते. ती मुद्दाम उघडी ठेवलेली असू शकते, ती आपण जोडायची नाही.

विणलेल्या रेघांच्या भागात फिल टूल निरुपयोगी. तिथे शेकडो बारक्या खिडक्या असतात. लॅसोनं, म्हणजे हातानं फिरवून निवड करायच्या टूलनं, बाहेरून आकार घेऊन एकदम भरा. खरं तर हात बसला की सगळंच लॅसोनं भरणं जास्त जलद होतं, आणि हातही चित्रकाराच्या आकारांतून फिरतो, हा फायदा वेगळाच.

क्रिटातल्या कलराइज मास्कचाही उल्लेख हवा. रेघांच्या लेअरवर हा मास्क लावायचा, प्रत्येक भागात रंगाचा एक फराटा मारायचा, बाहेरच्या जागेत आणखी एक फराटा मारून तो रंग पारदर्शक म्हणून ठरवायचा आणि अपडेट करायचं. सॉफ्टवेअर रेघांपर्यंत रंग पसरवतं आणि लहान फटीही सांभाळून घेतं. मग त्याचं साध्या लेअरमध्ये रूपांतर करा. साध्या रेषाचित्रात याने बराच वेळ वाचतो. आपल्या चित्रात मात्र होड्या आणि पाण्यावरच्या लाटांच्या रेघांत तो गोंधळतो, आणि मोठ्या फाइलवर संथही चालतो. माणसं याच्यावर, पाणी लॅसोवर, अशी वाटणी बरी पडते.

खरे रंग

आता पोपटी आजीला खरं पातळ द्या. सुरुवात सगळ्यात मोठ्या क्षेत्रापासून करा, म्हणजे आकाश आणि पाण्यापासून. संध्याकाळी सूर्य येऊरच्या डोंगरांकडे कलल्यावर आकाश खालच्या बाजूला फिकट केशरी आणि वर राखाडी-निळं होतं. तळ्याचं पाणी निळं नसतं. ते आकाश उलटं दाखवतं, जरा गडद आणि जरा हिरवट. स्वच्छ निळं पाणी भरलं तर चित्र महाबळेश्वरचं होईल, ठाण्याचं नाही.

माणसांच्या रंगाला सॉफ्टवेअरमधली तयार गुलाबी ‘स्किन’ वापरू नका. आपल्याकडच्या चेहऱ्यांसाठी आरजीबी (लाल, हिरवा, निळा) १७६, १२४, ८६ च्या आसपास सुरुवात करा आणि तिथून प्रत्येक माणसाला थोडं इकडे-तिकडे सरकवा. आजी, नात आणि फुगेवाला तिघांना एकच रंग दिला तर तिघं एकाच साच्यातले दिसतात. नाक, कान, बोटांची टोकं किंचित तांबूस करा.

नऊवारीच्या जरीच्या काठाला पिवळा भरू नका. खाली गडद तपकिरी, त्यावर गेरूसारखा पिवळा, आणि घडीला उजेड लागतो तिथेच दोन-चार फिकट ठिपके. जर चमकते ती शेजारच्या अंधारामुळे.

फुगे भडक असणारच, असू द्यात. पण मग बाकी सगळं थोडं मवाळ हवं. भेळेच्या गाडीवरचा फलक, होड्या, नातीचा फ्रॉक, सगळंच फुग्यांइतकं भडक झालं तर फुग्यांचं मोल राहत नाही.

आणि एक तपासणी. सगळ्यात वर मधल्या करड्या रंगाचा भरीव लेअर ठेवून त्याचा मोड ‘कलर’ करा. चित्र क्षणात काळं-पांढरं दिसेल. फुगेवाल्याचा शर्ट आणि मागचं पाणी एकाच करड्यात विरघळत असतील तर रंग वेगळे असूनही माणूस मागे चिकटलेला दिसणार. एकाला उजळ करा किंवा दुसऱ्याला गडद. हा लेअर ठेवून द्या, दर थोड्या वेळानं लागतो.

सावली

सावलीसाठी नवा लेअर, मल्टिप्लाय, सपाट रंगांना क्लिप केलेला. रंग काळा किंवा करडा घेऊ नका. संध्याकाळचा उजेड पिवळसर असतो, म्हणून सावलीला फिकट जांभळा, १७०, १६०, २०० सारखा. एकच रंग सगळीकडे वापरा. मल्टिप्लाय त्याला प्रत्येक वस्तूच्या रंगात आपोआप मिसळून घेतो आणि चित्र एका उजेडात बांधलेलं राहतं. त्वचेवर मात्र तो जरा राखाडी पडतो, तिथे त्याच लेअरवर अल्फा लॉक लावून (म्हणजे रंग आधी भरलेल्या जागेतच पडेल असं करून) तांबूस करा.

आधी लॅसोनं कडक आकार घ्या. एअरब्रशनं सुरुवात केली की सगळं गुबगुबीत, प्लॅस्टिकचं दिसायला लागतं, विशेषतः निबच्या टोकदार रेघांखाली. कडक आकार पटल्यावर ज्या कडा गोल पृष्ठभागावर आहेत, गाल, फुगे, पोट, तेवढ्याच मऊ करा. जमिनीवर पडणाऱ्या छायेची कड वस्तूजवळ कडक आणि लांब जाताना मऊ. लेअरची ओपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, ४० ते ६० टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी थांबते. ती ठरवताना शाईचे भरीव काळे पाहा. तुमची सावली त्यांच्या जवळपास जाऊ लागली की ती जास्त झाली.

उजेड

उजेडाच्या लेअरला स्क्रीन किंवा सॉफ्ट लाइट हा ब्लेंड मोड द्या. कलर डॉज पाहताक्षणी आवडतो, पण रंग जाळून टाकतो. दिव्याच्या वातीपुरता ठीक. मावळतीचा उजेड उजवीकडच्या कडांवर फिकट केशरी द्या: फुगेवाल्याचा खांदा, आजीचा अंबाडा, कठड्याची वरची कड. भेळेच्या गाडीवरचा दिवा हा दुसरा उजेड. त्याच्यासाठी वेगळा लेअर घ्या, नाहीतर एक कमी करताना दुसराही कमी होतो. मऊ ब्रशनं नारिंगी छटा चुरमुऱ्यांच्या ढिगावर आणि भेळवाल्याच्या हातावर. या दिव्याची आभा रेघांच्याही वर गेली तरी चालते. उजेड रेघेला थोडं खातोच.

शुद्ध पांढरा अगदी शेवटी. फुग्यावर एकेक ठिपका, डोळ्यांत एकेक, पाण्यावर दोन-तीन तुटक आडव्या रेघा. बस्स.

आता रेघांचं कुलूप काढा. अल्फा लॉक लावून मागच्या देवळाच्या आणि होड्यांच्या रेघा गडद निळसर करा. त्या लगेच मागे सरकतात. पुढच्या माणसांच्या रेघा काळ्याच ठेवा. गालातल्या आणि बोटांमधल्या बारीक रेघा गडद तपकिरी चालतील. सगळ्या रेघा रंगीत करायची सध्या हौस दिसते, पण निबच्या चित्राचा कणा काळ्यात असतो, तो मोडू नये.

छपाईला आणि फोनवर पाठवताना

काम करताना स्क्रीनचा नाइट मोड बंद हवा, नाहीतर रात्रभर तुम्ही पिवळ्या काचेतून रंग निवडत बसता. मूळ फाइल लेअरसकट ठेवा, क्रिटात असाल तर केआरए आणि सोबत पीएसडी.

फोनवर किंवा नेटवर टाकायचं असेल तर लेअर एकत्र केलेली प्रत, एसआरजीबी (स्क्रीनसाठीचा नेहमीचा रंगसंच), लांब बाजू २००० पिक्सेल, एवढं पुरे.

छपाईचं तसं नाही. स्क्रीनवरचे झगझगीत निळे, जांभळे आणि पोपटी सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या या चार शायांत, उतरताना मंद होतात. निळा तर जांभळ्याकडे झुकतो. क्रिटात सीएमवायकेमध्ये सरळ काम करता येतं. नाहीतर प्रेसकडून त्यांचा कलर प्रोफाइल (त्यांच्या छपाईत रंग कसे उतरतात याची फाइल) मागून घ्या आणि सॉफ्ट प्रूफमध्ये, म्हणजे छापल्यावरचा अंदाज स्क्रीनवर दाखवणाऱ्या सोयीत, आधी पाहा. एका जागी चारही शाया मिळून किती टक्के चालतील तेही विचारा. चकचकीत कागदावर साधारण ३०० टक्क्यांपर्यंत निभतं, वृत्तपत्राच्या कागदावर २४० च्या वर जाऊ नये. शिवाय साध्या कागदावर शाई पसरते, म्हणून त्या प्रतीसाठी सावलीचा लेअर आणखी फिका करा. लेअर वेगळे ठेवल्याचा फायदा इथे मिळतो: एक स्लायडर सरकवायचा, चित्र पुन्हा रंगवायचं नाही.

आणि रेघा. वागळे इस्टेटमधल्या प्रेसवर फाइल उघडली की तिथला जाणता माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो, “काळं एकाच प्लेटवर आहे ना, दादा?” आरजीबीतला काळा सीएमवायकेत गेला की चारही शायांत वाटला जातो. चार प्लेट केसभर जरी सरकल्या तरी निबच्या रेघेला लाल-निळ्या कडा फुटतात. म्हणून रंग ३०० डीपीआयच्या टिफमध्ये वेगळे द्या, चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीडसह, म्हणजे कापताना जाणाऱ्या जादा कडेसह. बाजूला जपून ठेवलेली ६०० डीपीआयची काळी रेघ वेगळ्या ग्रेस्केल फाइलमध्ये द्या, तीही त्याच मापाची, कोपऱ्याला कोपरा जुळणारी. पान लावणारा ती फक्त काळ्या प्लेटवर, ओव्हरप्रिंट करून, म्हणजे खालचा रंग न कापता, रंगांवर बसवतो. देवळाच्या ज्या रेघा तुम्ही निळसर केल्या त्या या काळ्या फाइलमधून खोडा आणि रंगांच्या फाइलमध्ये ठेवा. नाहीतर त्या निळ्यावर काळ्या पुन्हा छापल्या जातील आणि देऊळ परत पुढे येऊन उभं राहील.